दुरुस्ती हाती होती, पण लावली नाही



संगणकात आपण जे प्रोग्राम वापरतो, त्या सर्वांच्या तळाशी 'कर्नेल' म्हणजे गाभा असतो. कचेरीत तिजोरीच्या किल्ल्या हेड कॅशिअरकडे असतात, तशा यंत्राची मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांच्या किल्ल्या या गाभ्याकडे असतात. म्हणून गाभ्यात फट राहिली, तर चोराला एका खोलीचा नव्हे, साऱ्या घराचा ताबा मिळतो.

२०१७ साली हेच घडले. विंडोजमध्ये यंत्रायंत्रांत फाइलींची देवाणघेवाण करणारा एक भाग गाभ्यातच चालतो. त्यात फट सापडली. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला तिची दुरुस्ती, म्हणजे 'पॅच', दिला. १४ एप्रिलला तीच फट फोडणारे, अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचे चोरीला गेलेले हत्यार जगजाहीर झाले. आणि १२ मे रोजी 'वॉनाक्राय' सुटला. तो फाइलींना कुलूप लावून खंडणी मागे आणि आपोआप शेजारच्या यंत्रात शिरे.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील सुमारे एक तृतीयांश रुग्णालय-संस्थांचे काम विस्कळीत झाले. रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. पाच भागांत तातडीच्या रुग्णांना दूरच्या रुग्णालयात जावे लागले. ज्याच्या खिशात पैसा आहे तो खासगीत जाईल. मोफत उपचारावर विसंबलेल्या गरिबाने कुठे जावे? दुरुस्ती ५९ दिवस हाती होती. मार्च-एप्रिलमध्ये इशारेही गेले होते. तरी ती अनेक यंत्रांवर चढलीच नव्हती. मग धावपळ झाली, पण ते वरातीमागून घोडे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पॅच जाहीर झाला की चोरही तो वाचतात. जुने-नवे ताडून पाहिले की फट नेमकी कुठे होती, ते त्यांना कळते. म्हणजे पॅच आल्यावर थांबणे पूर्वीपेक्षा अधिक धोक्याचे.

आपल्या मंडळाचा, वाचनालयाचा संगणक असो की घरातला मोबाइल, त्यात शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, बँकेचे व्यवहार असतात. म्हणून अपडेटची सूचना आली की 'नंतर' म्हणू नका. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळी ठेवा, अपडेट लावा आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा. गाभ्याची दुरुस्ती बहुधा त्यानंतरच लागू होते. विंडोज ७ ला आता पॅच मिळत नाहीत; विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

प्रत्येक संस्थेने हे काम एका कार्यकर्त्याकडे नावानिशी सोपवावे. सर्वांचे काम ते कुणाचेच नसते.