दोन वेळा चॅम्पियन, तरी पुन्हा खरेदी : डॉजर्सच्या नव्या खेळाडूंकडून चाहत्यांनी काय अपेक्षा ठेवायची?

१ नोव्हेंबर २०२५ ची रात्र. कॅनडातलं टोरंटो. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, म्हणजे शेवटचा सामना. नववी इनिंग चालू होती, लॉस एंजेलिस डॉजर्स एका रननं मागे होते आणि त्यांचे फक्त दोन आउट शिल्लक होते. बॅटिंगला आला ३६ वर्षांचा मिगेल रोहास. मोठे फटके मारणारा म्हणून त्याला कुणीच ओळखत नाही. त्यानं होमरन मारला आणि सामना बरोबरीत आला. पुढं अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथनं होमरन मारला. शेवटचे आउट काढले योशिनोबु यामामोटोनं, जो आदल्याच दिवशी सहा इनिंग पिचिंग करून आला होता. डॉजर्स ५-४ नं जिंकले.

सलग दोन वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकणं १९९८ ते २००० मधल्या न्यूयॉर्क यांकीजनंतर कुणालाच जमलं नव्हतं.

आता यातली गंमत बघा. रोहास, स्मिथ आणि यामामोटो, या तिघांपैकी एकही जण २०२५ च्या सीझनआधी झालेल्या खरेदीत आलेला नव्हता. ज्यांच्यासाठी त्या हिवाळ्यात मोठमोठे चेक फाडले गेले, त्यातले काही जण तर त्या वेळी संघातही नव्हते.

हे आज आठवायचं कारण म्हणजे २०२६ चा सीझन तोंडावर आलाय, डॉजर्सनं पुन्हा दोन मोठे खेळाडू घेतलेत आणि चाहते तिसऱ्या ट्रॉफीचा हिशोब मांडायला लागलेत. दुसरीकडे बाकी शहरांतले चाहते विचारतायत की हा खेळ आहे की बाजार? दोन्ही बाजूंचं म्हणणं समजून घ्यायचं तर आधी आलंय कोण ते बघू.

कोण आलंय?

पहिलं नाव काइल टकर. वय २९, डावखुरा बॅटर, राइट फील्डला उभा राहतो. ह्यूस्टन ॲस्ट्रोजकडून २०२२ ची वर्ल्ड सिरीज जिंकलाय. २०२२ ते २०२५ अशी सलग चार वर्षं ऑल-स्टार. गेल्या वर्षी तो शिकागो कब्जकडे होता. डॉजर्सनं त्याला ४ वर्षांसाठी २४ कोटी डॉलर दिलेत, म्हणजे वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलर. वर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षानंतर करार सोडून जायची मुभाही दिली आहे.

दुसरं नाव एडविन डियाझ. पोर्टो रिकोचा हा पिचर क्लोजर आहे. क्लोजर म्हणजे सामना जवळपास जिंकलेला असतो, शेवटची इनिंग उरलेली असते, तेव्हा जो येतो तो. आपल्याकडे विसावी ओव्हर कुणाच्या हातात द्यायची हा जसा प्रश्न असतो, तसंच हे काम. त्याला ३ वर्षांचे ६ कोटी ९० लाख डॉलर मिळणार आहेत. वर्षाच्या सरासरीनं कुठल्याही रिलीफ पिचरला याआधी इतके पैसे मिळाले नव्हते.

मुळात गरज होती का?

होती, आणि नेमकी याच दोन जागी होती.

२०२५ मध्ये डॉजर्सनं रेग्युलर सीझनमध्ये ९३ सामने जिंकले. आकडा चांगला दिसतो, पण हातातोंडाशी आलेले कितीतरी सामने शेवटच्या इनिंगमध्ये सुटले. दुसरीकडे आउटफिल्डच्या एका कोपऱ्यातून बॅटिंगला काहीच मिळत नव्हतं.

त्यात संघाचं वय वाढतंय. फ्रेडी फ्रीमन ३६ चा, मॅक्स मन्सी ३५ चा, मुकी बेट्स ३३ चा. शोहेई ओहतानीसुद्धा ३१ चा झालाय. या यादीत २९ वर्षांचा टकर अगदी तरुण वाटतो. त्यामुळं चाहत्यांना झालेला आनंद समजण्यासारखा आहे. भोकं दोन होती आणि दोन्ही बुजवायला त्या-त्या जागेवरचे नावाजलेले खेळाडू आणलेत.

पण कागदावर तर गेल्या वर्षीही सगळं असंच जुळलं होतं.

गेल्या वर्षीच्या खरेदीचं काय झालं?

२०२५ च्या सीझनआधी डॉजर्सनं काय आणलं आणि हातात काय पडलं, ते एकदा मांडून बघू.

• टॅनर स्कॉट, क्लोजर, ४ वर्षांचे ७ कोटी २० लाख डॉलर. दर ९ इनिंगमागे ४.७४ रन दिले. राखायला दिलेली आघाडी १० वेळा घालवली. प्लेऑफमध्ये एकही बॉल टाकला नाही.

• मायकल कन्फोर्टो, आउटफिल्डर, एका वर्षाचे १ कोटी ७० लाख डॉलर. बॅटिंग सरासरी .१९९. म्हणजे पाच प्रयत्नांत एक हिट, तोही जेमतेम. प्लेऑफच्या संघात जागा मिळाली नाही.

• कर्बी येट्स, रिलीफ पिचर, एका वर्षाचे १ कोटी ३० लाख डॉलर. दर ९ इनिंगमागे ५.२३ रन.

• ब्लेक स्नेल, स्टार्टर पिचर, ५ वर्षांचे १८ कोटी २० लाख डॉलर. खांद्याच्या दुखण्यामुळं रेग्युलर सीझनमध्ये फक्त ११ सामन्यांत स्टार्ट. पण प्लेऑफमध्ये मिल्वॉकी ब्रूअर्सविरुद्ध ८ इनिंगमध्ये एकच हिट दिली आणि १० जणांना स्ट्राइकआउट केलं.

• रोकी सासाकी, जपानचा तरुण पिचर. वयाच्या नियमामुळं फक्त ६५ लाख डॉलर बोनसमध्ये आला. तोही खांद्यामुळं कित्येक महिने बाहेर. सीझनच्या शेवटी परतला तो रिलीफ पिचर म्हणून, आणि प्लेऑफमध्ये क्लोजरचं काम त्यानंच केलं.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. क्लोजर म्हणून ७ कोटी २० लाख डॉलर मोजले एकासाठी आणि ऐन वेळी ते काम केलं भलत्याच माणसानं, ज्याला मुळात स्टार्टर म्हणून आणलं होतं.

टकर आणि डियाझचं असंच होऊ शकतं का?

होऊ शकतं. त्यामागं ठोस कारणं आहेत.

टकरचा प्रश्न आहे तब्येतीचा. २०२४ मध्ये स्वतःच्याच बॅटची कड लागलेला बॉल नडगीवर आदळला, हाड मोडलं आणि तो फक्त ७८ सामने खेळला. २०२५ च्या जूनमध्ये हाताला बारीक फ्रॅक्चर झालं, तरी तो खेळत राहिला. सप्टेंबरमध्ये पोटरी दुखावली. त्या वर्षी २२ होमरन मारले आणि सरासरी .२६६ राहिली. वाईट नाही, पण वर्षाला ६ कोटी डॉलर घेणाऱ्याकडून लोकांना यापेक्षा जास्त हवं असतं. पूर्ण फिट टकर काय करतो हे २०२३ मध्ये दिसलं होतं. तेव्हा २९ होमरन आणि ११२ आरबीआय, म्हणजे त्याच्या बॅटिंगमुळं आलेले रन.

डियाझचा प्रश्न वेगळा आहे. गेल्या वर्षी न्यूयॉर्क मेट्सकडून खेळताना त्यानं दर ९ इनिंगमागे फक्त १.६३ रन दिले आणि ३१ पैकी २८ वेळा आघाडी राखली. पण मागं जाऊन बघा. २०१८ मध्ये सिॲटलकडून त्यानं ५७ सामने वाचवले होते. पुढच्याच वर्षी तो मेट्सकडे आला आणि तोच आकडा थेट ५.५९ वर गेला. नवं शहर, नवा दबाव आणि पहिलंच वर्ष पाण्यात. नंतर तो सावरला, पण मेट्सच्या चाहत्यांनी ते २०१९ विसरायला बराच वेळ घेतला. २०२३ मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये विजयाचा जल्लोष करतानाच गुडघ्याला दुखापत झाली आणि अख्खा सीझन गेला.

क्लोजर हे काम मुळातच बेभरवशाचं आहे. तो वर्षभरात साधारण साठ-सत्तर इनिंग टाकतो. इतक्या कमी इनिंगमध्ये चार-पाच वाईट रात्री आल्या तरी वर्षाचा हिशोब बिघडतो.

मग पैशानं नेमकं काय मिळतं?

डॉजर्सनं ट्रॉफ्या विकत घेतल्या, असं बाकी चाहते म्हणतात. पण नुसत्या पैशानं ट्रॉफी मिळाली असती तर मेट्सनं हुआन सोटोला १५ वर्षांचे ७६.५ कोटी डॉलर दिल्यावर २०२५ मध्ये किमान प्लेऑफ गाठायला हवी होती. त्यांना तेवढंही जमलं नाही. खुद्द डॉजर्सनं २०२२ मध्ये १११ सामने जिंकले आणि प्लेऑफच्या पहिल्याच मालिकेत घरी गेले. २०२३ मध्ये १०० सामने जिंकून पुन्हा तेच.

पैशानं डॉजर्सला मिळते ती चुकण्याची मुभा. स्कॉट फेल गेला, कन्फोर्टो फेल गेला, येट्स फेल गेला, स्नेल आणि सासाकी अर्धं वर्ष बाहेर राहिले, तरी संघ चॅम्पियन झाला. कारण बेंचवर आणि बाकी जागांवर पुरेसे चांगले खेळाडू होते. कमी बजेटच्या संघानं एका खेळाडूवर असा डाव लावला आणि तो फसला, तर पुढची तीन-चार वर्षं त्याच करारात अडकून जातात. डॉजर्स मात्र पुढच्या हिवाळ्यात सरळ दुसरा क्लोजर घेऊन येतात. डियाझ म्हणजे स्कॉटची चूक भरून काढायला केलेली खरेदी आहे, आणि स्कॉटचा करार अजून चालूच आहे.

हा पैसा येतो कुठून?

आयपीएलमध्ये प्रत्येक संघाची पर्स ठरलेली असते, त्याच्या वर एक रुपया खर्च करता येत नाही. अमेरिकेत एनएफएल, एनबीए आणि एनएचएलमध्येही पगाराला मर्यादा आहे. मेजर लीग बेसबॉलमध्ये अशी मर्यादा नाही, तिथं फक्त दंडाची रेषा आहे. २०२६ साठी ही रेषा २४ कोटी ४० लाख डॉलरवर आहे. ती ओलांडली की कर बसतो आणि वर्षानुवर्षं ओलांडत राहिलं की कराचा दर वाढत जातो.

डॉजर्स सध्या सगळ्यात वरच्या टप्प्यात आहेत. तिथं जास्तीच्या प्रत्येक डॉलरवर १ डॉलर १० सेंट कर लागतो. म्हणजे टकरचा वर्षाचा खरा खर्च दुपटीच्याही वर जातो. २०२५ मध्ये डॉजर्सनं जवळपास १७ कोटी डॉलर नुसता हा कर भरला. लीगच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा आकडा.

हे परवडतं कारण कमाईही तशीच आहे. २०१४ पासून चालू असलेला त्यांचा टीव्ही करार २५ वर्षांचा आणि ८३५ कोटी डॉलरचा आहे. गेल्या वर्षी त्यांच्या मैदानावर ४० लाखांहून जास्त प्रेक्षक आले. ओहतानीमुळं जपानचं अख्खं मार्केट त्यांच्या हातात आहे. त्यातच ओहतानीनं आपल्या ७० कोटींपैकी ६८ कोटी डॉलर २०३४ पासून घ्यायचं मान्य केलंय. असे पुढं ढकललेले पगार मिळून डॉजर्सवर १०० कोटी डॉलरच्या वर देणं आहे.

बाकीच्या चाहत्यांना राग का येतो?

पिट्सबर्ग पायरेट्सच्या चाहत्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमच्याकडे पॉल स्कीन्स आहे, २०२५ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर ठरलेला. पण संघ २०१५ नंतर प्लेऑफमध्ये गेलेला नाही आणि शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकला १९७९ मध्ये. आज ना उद्या स्कीन्स मोकळा होईल आणि मोठ्या शहरात जाईल, ही भीती तुम्हाला तो उत्तम खेळत असतानाही सोडत नाही.

या रागाला दुसरी बाजूही आहे. प्रत्येक संघाच्या स्थानिक कमाईतला ४८ टक्के भाग एकत्र केला जातो आणि सगळ्यांना सारखा वाटला जातो. म्हणजे डॉजर्सच्या कमाईतला वाटा छोट्या संघांनाही मिळतो. त्यामुळं खेळाडू म्हणतात, जे मालक मिळालेला पैसा खर्चच करत नाहीत त्यांना आधी विचारा. मालकांचं उत्तर असतं, पगाराला मर्यादा आणा.

लीग आणि खेळाडूंच्या युनियनमधला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. मालकांनी पगार मर्यादेचा आग्रह धरला आणि युनियन अडून बसली, तर पुढच्या हिवाळ्यात टाळेबंदी होऊ शकते. २०२१-२२ मध्ये ती ९९ दिवस चालली, पण सामने वाचले. १९९४ मध्ये याच पगार मर्यादेवरून खेळाडू संपावर गेले आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. संप सुरू झाला तेव्हा सगळ्यात जास्त विजय होते माँट्रियल एक्स्पोजचे, म्हणजे एका छोट्या बजेटच्या संघाचे. त्यांना तशी संधी पुन्हा मिळाली नाही. २००५ मध्ये तो संघ शहर सोडून वॉशिंग्टनला गेला.

मग या सीझनमध्ये काय बघायचं?

तीन गोष्टींवर लक्ष ठेवा.

एक, टकर जुलैपर्यंत किती सामने खेळतो. त्याच्या होमरनपेक्षा हा आकडा जास्त सांगून जाईल.

दोन, डियाझ फसला तर डॉजर्स काय करतात. पहिल्या दोन महिन्यांत त्याच्या हातून चार-पाच सामने सुटले तर घाबरू नका. ऑक्टोबरमध्ये शेवटची इनिंग कोण टाकेल, हे एप्रिलमध्ये सांगता येत नाही. गेल्या वर्षीचा सासाकी लक्षात ठेवा.

तीन, मैदानाबाहेरची बोलणी. लीगनं आणि युनियननं काय मागितलं, हे या वर्षी स्कोअरइतकंच महत्त्वाचं आहे.

डॉजर्सच्या चाहत्यानं या खरेदीबद्दल अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. त्यांच्या मालकांनी एकही नियम मोडलेला नाही. पण तिसरी ट्रॉफी आली तर मालक डिसेंबरच्या बोलणीत तीच ट्रॉफी पुरावा म्हणून टेबलावर ठेवतील, हेही तितकंच खरं.

लॉस एंजेलिसमधला रात्रीचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठच्या आसपास सुरू होतो. चहा-नाश्ता करता करता दोन-तीन इनिंग सहज बघून होतात. बघून घ्या, कारण २०२७ चा सीझन वेळेवर सुरू होईल की नाही, हे आज कुणीही खात्रीनं सांगू शकत नाही.