माळावर जंगल लावू नका

सध्या आमच्या आयटीवाल्यांत एक नवं खूळ आलंय. आधी दुसरा फ्लॅट घ्यायचे, मग फार्महाऊस. आता म्हणे 'जंगल' घेतात. आठ-दहा जणांनी पैसे काढायचे, सासवडच्या, सुप्याच्या नाहीतर दौंडच्या बाजूला पाच-सात एकर माळ बघायचा, तारेचं कुंपण घालायचं, बोअर मारायची, जेसीबीने खड्डे घ्यायचे आणि पहिल्या पावसात सहकुटुंब जाऊन हजारभर रोपं लावायची. दोन वर्षांत पक्षी येणार, पाच वर्षांत प्राणी येणार. एक्सेल शीट तयार असते. त्यात ठिबकचा खर्च असतो, वॉचमनचा पगार असतो, सोलरवर चालणारा कॅमेरासुद्धा असतो. 'तिथे आत्ता काय आहे?' असा कॉलम मात्र मी अजून एकाही शीटमध्ये पाहिलेला नाही.

हेतू चांगला आहे, मान्य. ही माणसं माझे मित्र आहेत आणि ती पैसे शेअर बाजारात न घालता जमिनीत आणि झाडांत घालतायत, हेही मान्य. पण चांगल्या हेतूने केलेली नासधूस ही नासधूसच असते. आणि तिला कुणी अडवत नाही, कारण झाड लावणाऱ्याला अडवणार कोण?

तर तिथे आत्ता काय आहे?

तुम्ही एप्रिलमध्ये एसी गाडीतून बघाल तर काहीच नाही. पिवळं पडलेलं गवत, मुरूम, चार बोरी-बाभळी आणि लांबवर मेंढ्या. थोडं थांबून, खाली उतरून बघितलं तर गोष्ट वेगळी आहे. ते 'गवत' म्हणजे एक गवत नव्हे. कुसळी वेगळी, मारवेल वेगळं, पवन्या वेगळा. उघड्या जमिनीवर, काडीचंही घरटं न करता अंडी घालणारा धाविक तिथे आहे. टिटवीची पिवळ्या गलोलीची बहीण, माळटिटवी, तिथे आहे. चंडोल आहेत. हिवाळ्यात थेट मध्य आशियातून भोवत्या येतात, दिवसभर माळावर नाकतोडे टिपतात आणि रात्री झाडावर नव्हे तर गवतात, जमिनीवर एकत्र झोपतात. खोकड आहे, तरस आहे, चिंकारा आहे. आणि लांडगा आहे. त्याला वाघासारखं मार्केटिंग जमलं नाही एवढंच.

सरड्याचं उदाहरण तर फारच गोड आहे. २०१६ साली गळ्याला पंख्यासारखी झालर असलेल्या सरड्यांच्या एका नव्या गटाला (जीनस म्हणतात तो) शास्त्रज्ञांनी चक्क 'सरडा' हेच नाव दिलं. शास्त्रीय नाव, आणि शुद्ध मराठी! त्यातला एक देखणा प्रकार साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर, त्या पवनचक्क्यांच्या पायथ्याशी राहतो. नर दगडावर चढून आपली निळी-काळी-केशरी झालर फुलवतो, म्हणजे मादीला लांबून दिसावं. आता त्या दगडाभोवती दाट रोपं लावा. झालर दिसणार कुणाला?

हे सगळे प्राणी उघड्यावर जगायला घडलेले आहेत. चिंकाऱ्याचं संरक्षण म्हणजे त्याची नजर आणि त्याचे पाय. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला जवळपास उंच झाड म्हणजे कावळ्याला आणि घारीला बसायला दिलेली खुर्ची. त्यामुळे पाच वर्षांनी तुमच्या 'जंगलात' पक्षी येतात हे खरंच आहे. बुलबुल येतात, साळुंक्या येतात, सुभग येतो. हे सगळे तुमच्या सोसायटीच्या बागेतही आहेत. त्यांच्यासाठी धाविकाला घालवलं, असा त्याचा हिशोब.

आता तुम्ही म्हणाल, पूर्वी इथे घनदाट अरण्य होतं, ते माणसाने तोडलं, म्हणून माळ झाला. आम्ही फक्त परत लावतोय. हा समज इतका पक्का आहे की त्याला कुणी पुरावाच मागत नाही. पश्चिम घाटाच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत, वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वीतभर माती आणि खाली काळा पाषाण. इथे गवत आणि मधेमधे काटेरी झाडं हाच मूळ डाव आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर यासाठी मराठी साहित्यच पुरावा म्हणून काढलं. तेराव्या शतकापासूनच्या ग्रंथांत आणि लोकवाङ्मयात या भागातल्या कुठल्या झाडाझुडपांचे उल्लेख येतात ते मोजलं. निघाली ती बहुतेक माळावरचीच! साडेसातशे वर्षांपूर्वीही हा प्रदेश असाच होता. आपल्याच भाषेत लिहून ठेवलं होतं, आपण वाचलं नाही.

दोष एकट्या आयटीवाल्यांचा नाही, हेही सांगायला हवं. सातबारा काढून बघा. त्यावर 'पोटखराबा' असा रकाना असतो, म्हणजे लागवडीच्या उपयोगाचं नाही ते क्षेत्र. नावातच 'खराब'. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशात असल्या खुरट्या झुडपांच्या जमिनी आणि कुरणं वर्षानुवर्षं 'वेस्टलँड' म्हणूनच रंगवली जातात. एकदा पडीक म्हटलं की त्यावर काहीही करायला सगळे मोकळे: एमआयडीसी, सोलर पार्क, प्लॉटिंग, नाहीतर वृक्षारोपण. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. एवढे खड्डे घ्यायला जागा कुठली सापडणार? दाट जंगलात तर नाहीच, उसाच्या फडातही नाही. उरला माळ.

सोलापूरजवळ नान्नजला माळढोकसाठी १९७९ साली अभयारण्य झालं. माळढोक म्हणजे वर्षाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर घालणारा पक्षी. आणि त्याच परिसरात गिरीपुष्पाची लागवड झाली! मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड. माळढोक केवळ तेवढ्याने गेला असं मी म्हणत नाही. शिकार होती, कालव्यांमुळे शेती बदलली, विजेच्या तारा आल्या. पण माळाचा पक्षी वाचवायला काढलेल्या जागेत झाडं लावावीशी वाटणं, यातच सगळं आलं. पुण्याच्या टेकड्यांवर फिरायला जाता ना? तिथली ती दाट, एकसारखी, फेब्रुवारीत गुलाबी होणारी झाडी पाहून फोटो काढता ना? तेच ते गिरीपुष्प.

मियावाकीचंही तसंच. अकिरा मियावाकी (ते २०२१ मध्ये वारले) यांचा मूळ आग्रह होता की त्या जागेची नैसर्गिक वनस्पती कुठली हे आधी नीट शोधा. आपण त्यातलं 'शोधा' गाळलं आणि 'दाट लावा' तेवढं घेतलं. स्पेसिफिकेशन न वाचता कोड लिहिणाऱ्यांकडून दुसरी काय अपेक्षा करणार म्हणा!

बरं, खासगी जमीन घेऊन निसर्ग राखता येतच नाही का? येतो की. कोडगूमध्ये मल्होत्रा दांपत्याने १९९१ साली ५५ एकर घेऊन सुरुवात केली, ती पुढे ३०० एकरांच्या वर गेली. पण तो धो-धो पावसाचा, मुळातच रानाचा प्रदेश. शिवाय ते तिथे जाऊन राहिले आणि बरंचसं काम जंगलालाच करू दिलं. त्यांची गोष्ट सांगून सुप्याला बोअर मारणं म्हणजे इडलीची रेसिपी वाचून भाकरी थापणं.

बोअरवरून आठवलं. ज्या गावात एप्रिलपासून टँकर येतो, तिथे तुम्ही चारशे फूट खालून पाणी उपसून वड-पिंपळ जगवणार. शेजारच्या विहिरीवाल्याने याला पर्यावरण म्हणायचं का? आणि ते कुंपण. ज्या माळावरून धनगरांचे वाडे पिढ्यान् पिढ्या ये-जा करतात, दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाळ्याला परत येतात, तिथे मधेच तुमची सात एकरांची तार. मग पुढे दुसऱ्या ग्रुपची पाच एकरांची. चिंकाऱ्यालाही तीच तार आडवी येते. सुप्याचं मयुरेश्वर अभयारण्य पाच चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे अगदी लहान. तिथले चिंकारे काय अभयारण्याची हद्द वाचून चरतात? आजूबाजूचा मोकळा माळ आहे म्हणून ते आहेत.

कागदाचं तर विचारूच नका. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे आपल्याकडे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. मग ग्रुपमधल्या ज्याच्या घरी सातबारा आहे त्याच्या नावावर सगळं घ्यायचं आणि बाकीच्यांनी आपसांत स्टँपपेपर करायचा. हा कागद किती टिकतो ते वकिलाला विचारा. त्या मित्राच्या मुलांना पंधरा वर्षांनी रिंगरोडलगतचा भाव मिळाला की तुमच्या जंगलाचे गुंठे पडणार. तोवर माळ मात्र गेलेला असेल. गवताची मुळं एकदा जेसीबीने उपटली की पुन्हा 'पेरून' जुना माळ मिळत नाही. जुन्या गवताळ प्रदेशांतली वनस्पतींची विविधता परत यायला शेकडो वर्षं लागतात असं अभ्यास सांगतात. आणि तुमच्या कार्बनसाठी म्हणाल, तर गवत आपला बहुतेक कार्बन जमिनीखालीच ठेवतं. खड्डा घेतलात की तो सुद्धा उकरलात.

झाडं लावायचीच असतील तर जागा भरपूर आहेत. रस्ता रुंदीकरणात गेलेल्या वडांच्या जागा आहेत, उघडे पडलेले नदीकाठ आहेत, तुमच्याच कंपनीचं ते डांबरी पार्किंग आहे.

आणि माळ ऑलरेडी घेतला असेल तर? कुंपण काढा. बोअर मारू नका. वेडी बाभूळ, सुबाभूळ, गिरीपुष्प शिरलं असेल तर ते मुळासकट काढायला गावातल्या माणसांना रोज द्या. गवत बी धरून झडेपर्यंत थांबा, मग ते गावाला कापू द्या. मेंढ्या येऊ द्या. वाडा उतरला तर धनगराशी जाऊन बोला. लांडग्याने किती मेंढरं नेली, तो काय करतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही. ठिबकसाठी ठेवलेले पैसे आजूबाजूच्या गावांतल्या कुत्र्यांच्या लसीकरणावर आणि नसबंदीवर घाला. मोकाट कुत्री लांडग्यांना रोग देतात, आणि पुण्याजवळच्या माळावर लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्धही झालंय. या कामात फोटो काढण्यासारखं काहीच नाही, मुलांच्या हातात द्यायला रोप नाही, पाटीवर नावही नाही. एका वर्षाचा कुत्र्यांचा खर्च काढून तुमच्या त्या एक्सेल शीटमध्ये टाका, आणि ग्रुपवर पाठवून बघा किती जण उरतात ते.