समजून घ्या : प्रत्येक उंचवटा म्हणजे चामखीळ नाही, चुना लावण्याआधी हे वाचा

गेल्या महिन्यात आईने मानेवरच्या चामखिळीला घट्ट दोरा बांधला. दोन दिवसांत ती जागा सुजली, पिकली आणि अँटिबायोटिक्स घ्यावी लागली. चामखीळ निरुपद्रवी होती. त्रास दिला तो उपायाने.

माझ्या मते घोळ नावापासून सुरू होतो. त्वचेवर काहीही उगवलं की आपण त्याला ‘चामखीळ’ म्हणतो आणि उपायही ठरलेले : दोरा, घोड्याचा केस, चुना नाहीतर ॲसिड. प्रत्यक्षात हे वेगवेगळे प्रकार आहेत.

नेहमी दिसणारे प्रकार

स्किन टॅग : मऊ, बारीक देठाला लोंबणारा. मान, काख, पापणीवर येतो. संसर्गजन्य नाही. मात्र बरेच टॅग आले आणि मानेची कातडी काळी, जाड झाली, तर रक्तातली साखर तपासून घ्या.

वॉर्ट : खरखरीत. एचपीव्ही विषाणूमुळे बोटांवर, तळपायावर होतो. कापला, खरवडला तर पसरतो.

सेबोरिक केराटोसिस : तपकिरी-काळा, वरून चिकटवल्यासारखा. बहुधा चाळिशीनंतर. गालांवर, डोळ्यांभोवती येणारे बारीक काळे ठिपके (डीपीएन) याच्याच जवळचे. ते अनेकदा आई-वडिलांकडून येतात.

चेरी अँजिओमा : लालभडक ठिपका, रक्तवाहिन्यांचा बारीक पुंजका.

लायपोमा : त्वचेखालची चरबीची मऊ गाठ. दाबली की सरकते, सहसा दुखत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

तीळ वेडावाकडा वाढतोय, कडा अस्पष्ट आहेत, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसतात, आकार 6 मिलिमीटरपेक्षा मोठा आहे, रक्त येतं किंवा जखम महिनाभर भरत नाही, तर थांबू नका. मेलेनोमा हा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे कमी आढळतो. पण सावळ्या त्वचेत तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. गायक बॉब मार्ले यांचा आजार पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला. 1981मध्ये, 36व्या वर्षी ते गेले. म्हणून नखातली नवी काळी रेघ ‘मार लागला असेल’ म्हणून सोडू नका.

चुन्याने किंवा ॲसिडने जाळलं की व्रण राहतो, शिवाय तपासणीसाठी नमुनाही नीट उरत नाही. इंजिनीअरिंगमध्ये पहिला धडा हाच होता : बिघाड कळल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. शंका वाटली तर शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, तारीख टाका आणि तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मोबाइलने नोंद ठेवा, निदान नको.