तलाठ्याला इंग्रजी किती लागते?

नोकरभरतीची जाहिरात निघाली, की डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पदवीधर तरुणांच्या हाती एक जाडजूड पुस्तक दिसू लागते. त्यात इंग्रजी समानार्थी शब्दांच्या याद्या असतात, विरुद्धार्थी शब्दांच्या असतात, शेकडो वाक्प्रचार अर्थासह दिलेले असतात. ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘अ‍ॅट’ यांच्या गाळलेल्या जागा, कर्तरी प्रयोगाचे कर्मणी, प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष असा सगळा सरंजाम त्यात मांडलेला असतो. उधवा, सायवन किंवा कासा येथला मुलगा ते पुस्तक घेऊन पहाटे बसतो आणि ‘लकॉनिक’ म्हणजे मितभाषी, हे पाठ करतो. हा शब्द त्याने आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेला नसतो आणि पुढेही तो कानी पडण्याचा संभव थोडाच. त्याला व्हायचे असते तलाठी.

या तलाठीपदाच्या परीक्षेचे गणित मुळातून पाहण्यासारखे आहे. २०२३ साली महाराष्ट्रात तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी भरती झाली आणि दहा लाखांहून अधिक उमेदवारांनी अर्ज केले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक. परीक्षा एकूण २०० गुणांची, १०० प्रश्नांची. त्यांत मराठीचे २५, इंग्रजीचे २५, सामान्य ज्ञानाचे २५ आणि अंकगणित व बुद्धिमापनाचे २५ प्रश्न. इंग्रजीचा दर्जा बारावीचा. मराठीला जेवढे वजन, तेवढेच इंग्रजीला; आणि हे गुण निव्वळ पात्रतेपुरते नसून थेट गुणवत्ता यादीत धरले जाणारे. जेथे अर्ध्या-पाऊण गुणाने शेकडो उमेदवार मागे पडतात, तेथे पन्नास गुणांचा इंग्रजीचा भाग कोणाची निवड करतो आणि कोणाला गाळतो, हा प्रश्न केवळ शैक्षणिक राहत नाही.

आता याच्या शेजारी देशातील सर्वांत वरच्या परीक्षेचे चित्र ठेवून पाहावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीची प्रश्नपत्रिका आहे. पण ती केवळ पात्रतेची. तीत ठरावीक किमान गुण मिळवले की पुरे, ते अंतिम यादीत धरले जात नाहीत. मार्च २०१३ मध्ये आयोगाने इंग्रजीचे गुण अंतिम निवडीत मिळवण्याचा घाट घातला, तेव्हा संसदेत गदारोळ झाला आणि तो बदल मागे घ्यावा लागला. पुढल्याच वर्षी पूर्वपरीक्षेतील इंग्रजी आकलनाचे प्रश्नही गुणांकनातून वगळले गेले. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेसाठी २०२५ पासून लागू केलेल्या वर्णनात्मक पद्धतीतही मराठी आणि इंग्रजी या दोन्ही प्रश्नपत्रिका पात्रतेपुरत्याच आहेत. २५ टक्के गुण मिळाले की उमेदवार पुढे सरकतो. जिल्हाधिकारी होऊ इच्छिणाऱ्याला इंग्रजी कामापुरती आली तर चालते. उपजिल्हाधिकाऱ्यालाही चालते. त्याच्या हाताखाली, चार गावांच्या सज्जावर बसून सातबाराचे उतारे देणाऱ्या तलाठ्याची मात्र एकचतुर्थांश गुणवत्ता इंग्रजीवर मोजली जाते. हा उफराटा न्याय कोणी जाणूनबुजून रचला असेल असे नाही. तो बहुधा नकलेतून आणि सवयीतून आला आहे. पण परिणाम हेतूवर अवलंबून नसतात.

तलाठ्याचे (शासनाने आता त्याला ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव दिले आहे) काम कोणत्या भाषेत चालते? सातबारा, आठ-अ, फेरफार, पंचनामा, पीकपाहणी ही सारी दप्तरे मराठीत आहेत. संगणकावर आली तरी ती मराठीतच राहिली. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर राज्याचा कारभार मराठीतून चालावा, हे शासनाचे घोषित धोरण आहे. तलाठ्यासमोर जी माणसे येऊन उभी राहतात, त्यांची भाषा तर मराठीही नव्हे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर वारली बोली चालते. कोकणा, धोडी, दुबळा, काथोडी यांच्या आपापल्या बोली आहेत. सीमेलगत गुजराती आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आपण कसत असलेल्या प्लॉटचा दावा घेऊन येणारी वारली म्हातारी शेताच्या चतुःसीमा सांगते त्या नाल्याच्या, सागाच्या, टेपाच्या खुणांनी. तिचे बोलणे समजले नाही, तर पंचनाम्यात चूक होते आणि ती निस्तरायला माणसाची वर्षे जातात. या बोलीच्या ज्ञानासाठी त्या प्रश्नपत्रिकेत एकही गुण नाही.

जमीन आणि कागद यांचे नाते या भागाला नवे नाही. गोदावरी परुळेकर १९४५ मध्ये वारल्यांमध्ये गेल्या, तेव्हा वेठबिगारीबरोबरच न वाचता येणाऱ्या कागदावर उठवलेला अंगठा हेही गुलामीचे एक साधन होते. तलासरीच्या महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे. तेथून पदवी घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी अनेकदा घरातला पहिला पदवीधर असतो. त्याच्यासमोर वाटा फार नाहीत. डहाणू तालुका १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि कारखानदारीवर बंधने आली. ती आवश्यक होती, यात शंका नाही. परंतु त्यामुळे स्थानिक रोजगार शेती, चिकूच्या वाड्या आणि मासेमारी यांच्यापुरता बराचसा मर्यादित राहिला. बाकीचे सीमेपलीकडे उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत कंत्राटावर जातात, नाही तर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर. अशा ठिकाणी सरकारी नोकरी म्हणजे एका कुटुंबाची एका पिढीत झालेली सुटका असते. तिच्यासाठी तरुण दोन-दोन, चार-चार वर्षे अभ्यासाला बसतात, त्यात आश्चर्य नाही. प्रश्न आहे तो त्या वर्षांत ते काय करतात हा.

अर्थशास्त्रात ‘संकेता’चा एक सिद्धांत आहे. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने तो १९७३ मध्ये मांडला आणि पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला. मालकाला उमेदवाराची कुवत थेट दिसत नाही. म्हणून तो पदवीसारखी एखादी खूण पाहतो. ती खूण कामाला उपयोगी असलीच पाहिजे असे नाही. ती कमावणे हुशार माणसाला सोपे आणि मंद माणसाला कठीण असले, म्हणजे चाळणी म्हणून ती चालते. भरतीपरीक्षेतील इंग्रजीचे समर्थन झालेच, तर याच आधारावर होऊ शकते: दहा लाखांतून साडेचार हजार निवडायचे आहेत, कोणती तरी चाळणी हवीच. पण या सिद्धांताचे मर्म त्याच्या गृहीतात आहे. खूण मिळवण्याची किंमत कुवतीनुसार बदलली पाहिजे. इंग्रजीची किंमत तशी बदलत नाही. ती जन्मानुसार बदलते. घरात इंग्रजी वर्तमानपत्र येणाऱ्या मुलाला ‘अ’ आणि ‘द’ यांतला भेद कानाने कळतो. मराठीत उपपदे नाहीत, वारलीतही नाहीत. पाड्यावरच्या मुलाला तो भेद नियमाने, अपवादांसह आणि अपवादांच्या अपवादांसह पाठ करावा लागतो. दोघांची बुद्धी सारखी असली, तरी एकाला या पन्नास गुणांसाठी पंधरा दिवस लागतात आणि दुसऱ्याला दोन वर्षे.

यावर एक उत्तर तयार असते. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्णतः अनुसूचित क्षेत्रात आहेत; राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेनुसार अशा क्षेत्रातील गावपातळीवरील तलाठ्यासह अनेक पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतूनच भरायची आहेत; मग स्पर्धा आदिवासी-आदिवासींमध्येच असताना इंग्रजीने अन्याय कसा होतो? एक तर २०२३ च्या भरतीत याच जागा न्यायालयीन वादात रखडल्या आणि उत्तीर्ण उमेदवारांना नियुक्तीसाठी आंदोलन करावे लागले, हे विसरता येत नाही. दुसरे असे, की आदिवासी समाजही आता एकजिनसी राहिलेला नाही. नामांकित इंग्रजी निवासी शाळांत शासकीय खर्चाने शिकलेली काही मुले आहेत, नोकरदारांची मुले आहेत, आणि आश्रमशाळेतून आलेली बहुसंख्य मुले आहेत. इंग्रजीची चाळणी त्यांच्यातही तसाच भेद करते. आणि ज्याला पाड्याची बोली अधिक चांगली येते, तोच बहुधा तिच्यातून खाली पडतो.

याचा अर्थ इंग्रजी नको, असा मुळीच नाही. इंग्रजीला हद्दपार करण्याचे प्रयोग महाराष्ट्राने पाहिले आहेत. मातृभाषा इंग्रजी नसलेल्या मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांत प्रवेश देऊ नये, असा आदेश मुंबई राज्याने जानेवारी १९५४ मध्ये काढला होता. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. लोकांना इंग्रजी हवी असते आणि ती मागण्याचा त्यांना अधिकार आहे. पुढे २००० साली राज्याने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. त्या निर्णयानंतर शाळेत पाऊल टाकलेली मुले आता पदवीधर होऊन बाहेर पडली आहेत. म्हणजे हातात व्याकरणाचे जाडजूड पुस्तक घेऊन बसलेला तरुण पहिलीपासून इंग्रजी शिकलेलाच आहे! बारा-पंधरा वर्षे एक भाषा शिकल्यावर तिची मुळाक्षरे पुन्हा विकत घ्यावी लागत असतील, तर दोष शिकणाऱ्याच्या डोक्यात शोधू नये.

तो कोठे आहे, हे या तालुक्यातच कोणी पूर्वी ओळखले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभे केले, त्याचे सूत्र साधे होते: मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणात शाळा भरवली. भाषेलाही हेच लागू पडते. वारली बोलणाऱ्या मुलाची पहिली भाषा वारली, दुसरी मराठी. बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी. इंग्रजी ही त्याची पाचवी भाषा आहे आणि ती त्याला दुसऱ्या भाषेतून शिकवली जाते. जुन्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या, तेव्हा निदान भाषांतर ज्या मराठीत करायचे ती घरची होती. येथे दोन्ही काठ परके. चार भाषा ऐकून ऐकून शिकलेल्या या मुलांना भाषेची उपजत जाण कमी आहे, असे कोण म्हणेल? ज्या भाषा त्यांच्या कानावर पडल्या, त्या त्यांनी आत्मसात केल्या. इंग्रजी कानावर पडली नाही. ती फळ्यावर दिसली.

शब्दांच्या याद्या पाठ करून ही उणीव भरून निघत नाही, हे इंग्रजीच्या खऱ्या परीक्षा घेणाऱ्यांना ठाऊक आहे. परदेशी विद्यापीठांत प्रवेशासाठी जगभर मानल्या जाणाऱ्या आयईएलटीएस परीक्षेत व्याकरणाची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाच नाही. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे चार भाग असतात. लेखनाचे गुण देताना शब्दसंपत्ती आणि व्याकरण या दोन कसोट्या जरूर लावतात, परंतु उमेदवाराने स्वतः लिहिलेल्या मजकुराला. ‘लकॉनिक’चा अर्थ तेथे कोणी विचारत नाही. त्या परीक्षेचे शुल्क मोठे आहे आणि तिचा गाजावाजाही जरा अतिच असतो. तरी भाषा वापरता येते की नाही, एवढे ती तपासते. आपल्या भरतीपरीक्षा भाषेबद्दलची माहिती तपासतात. त्या उत्तीर्ण झालेल्या तरुणाला इंग्रजीत साधा अर्ज लिहिता येईल, याची हमी नाही. आणि जो गाळला गेला, त्याची दोन वर्षे अशा माहितीत गेली जिचा परीक्षागृहाबाहेर कोठेच उपयोग नाही. चिकूच्या कलमावर एवढी मेहनत केली असती, तर निदान झाड उभे राहिले असते.

इंग्रजीची खरी गरज या भागाला पुढे लागणारच आहे. केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये मंजुरी दिलेल्या वाढवण बंदराला मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्यांचे म्हणणे गंभीरपणे ऐकले गेले पाहिजे. परंतु बंदर झालेच, तर तेथील यंत्रांच्या सूचना, मालाची कागदपत्रे आणि सुरक्षेचे नियम बहुतांशी इंग्रजीत असतील. ते ज्याला वाचता येतील तो पर्यवेक्षक होईल; ज्याला येणार नाहीत तो वाहनतळावर पहारा देईल. त्यासाठी आश्रमशाळांत इंग्रजी वाचून दाखवणारा, मुलांशी रोज तासभर इंग्रजीत बोलणारा शिक्षक लागेल, चित्रांची सोपी पुस्तके लागतील आणि ती कपाटाबाहेर राहावी लागतील. हा खर्च भरतीपरीक्षेतील पन्नास गुणांमुळे टळत नाही. तो फक्त शासनाच्या तिजोरीतून निघून उमेदवाराच्या बापाच्या खिशावर पडतो.

भरतीच्या नियमांत बदल करायला विधिमंडळात कायदा करण्याची गरज नाही. राज्यसेवेप्रमाणे तलाठी आणि तत्सम पदांसाठी इंग्रजी पात्रतेपुरती ठेवावी, तिच्यातील याद्यांचे प्रश्न काढून एखादा उतारा वाचून समजतो की नाही एवढे पाहावे, आणि मोकळ्या झालेल्या गुणांतून अनुसूचित क्षेत्रापुरती स्थानिक बोलीची तोंडी परीक्षा घ्यावी, असे सुचवता येईल. वारलीचे परीक्षक कोठून आणणार, अशी शंका मंत्रालयात निघेल. ते गंजाडपासून झरीपर्यंत प्रत्येक पाड्यावर आहेत; त्यांना त्या दिवसाची मजुरी आणि एस. टी. चे भाडे तेवढे द्यावे लागेल.