आमच्या घरातला ‘पण’

अकोल्यातील एकाच घरातील तीन स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडल्याची बातमी २०२३ च्या आरंभी वर्तमानपत्रांतून आली आणि आठवड्याच्या आत विसरलीही गेली. मुलगी विशीतली, महाविद्यालयात शिकणारी. तिने एका ब्यूटिशियन बाईकडून चेहरा उजळवणारे मलम घेतले. चेहऱ्यावर तेज आले, ओळखीपाळखीच्यांनी वाखाणले. ते पाहून आई आणि बहीणही तेच मलम लावू लागल्या. पुढे तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील तज्ज्ञांनी कारणाचा शोध घेतला, तेव्हा त्या मलमात पारा सापडला.

ह्यात फसवणूक झाली असे म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. मलमाने जे कबूल केले ते केले. त्वचेला रंग देणारे द्रव्य ज्या क्रियेने तयार होते ती क्रिया पारा रोखून धरतो. म्हणून चेहरा खरोखरच उजळतो. मात्र तोच पारा त्वचेतून रक्तात उतरतो, मूत्रपिंडाच्या चाळणीत साचतो, आणि मग शरीरातील प्रथिने लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. लघवीला फेस येतो, पायांवर सूज येते. सौंदर्यप्रसाधनात पारा घालण्यास आपल्याकडे बंदी आहे. अजाणता राहिलेला अंश दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये, असा दंडक आहे. पण ज्या डबीवर कारखान्याचे नावच नसते, तिला दंडक कोण लावणार? केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ ह्या काळात अशाच विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतील १५ जणांत एका विशिष्ट प्रकारचा दोष आढळला आणि त्या पंधरांपैकी १३ जण गोरे करणारी मलमे वापरीत होते. तेव्हा अकोल्याची गोष्ट ही एका घरापुरती नाही.

अशी बातमी आली, की आपल्या व्याख्यानांतून आणि तरुणांच्या शिबिरांतून एक ठरलेले आरोपपत्र वाचले जाते. दूरदर्शन आले, १९९४ साली भारताला एकाच वर्षी विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी मिळाली, मग मोबाईल आला. मुलींपुढचे आदर्श बिघडले. जाहिरातींचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५ पासून ह्या देशात विकले जात होते. मुलगा नसल्याची खंत करणाऱ्या बापाची सावळी मुलगी मलम लावून गोरी होते आणि विमानात नोकरी मिळवते, अशी त्यांची एक जाहिरात होती. महिला संघटनांनी आवाज उठविल्यावर २००३ साली ती मागे घेतली गेली. २०२० साली मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्दही गेला. कंपनीने शब्द बदलला. आपण आपल्या घरातला एक शब्द अजून बदललेला नाही, आणि माझे भांडण त्या शब्दाशी आहे.

तो शब्द म्हणजे ‘पण’.

“पोरगी कायी हाय, पण नाकीडोयी नीट हाय.” वऱ्हाडातल्या कोणत्याही घरात, कोणत्याही जातिधर्माच्या, हे वाक्य कोणी ऐकले नसेल तर त्याने हात वर करावा. बोलणारी आत्या वा मावशी मनाने दुष्ट नसते. ती कौतुकच करीत असते. पण तेराचौदा वर्षांची मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असते आणि तिच्या कानात त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग राहतो. ‘पण’च्या आधी येतो तो अपराध आणि नंतर येते ती सूट, एवढे व्याकरण तिला शाळेत न शिकताही कळते. ‘जाडी आहे, पण कामाला चपळ.’ ‘उंची बेताची, पण अभ्यासात हुशार.’ मुलाच्या बाबतीत आपण असे बोलत नाही. तो काळा असेल तर तो नुसता काळा असतो. त्याची भरपाई कोणी मागत नाही.

आता आपल्या धर्मग्रंथाकडे वळू. ‘गीतरत्न’ ह्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात वधू स्वतःची ओळख करून देते: ती काळी आहे आणि ती सुंदर आहे. मूळ हिब्रूत ह्या दोन विशेषणांना जोडणारे जे अक्षर आहे, त्याचा अर्थ ‘आणि’ असाही होतो व ‘पण’ असाही. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी ‘आणि’ घेतला. संत जेरोम ह्यांच्या लॅटिन भाषांतरात ‘पण’ आला, आणि शतकानुशतके पाश्चात्त्य ख्रिस्तमंडळाने ती वधू त्या ‘पण’सकट वाचली. मी बायबलचा पंडित नाही, आणि जेरोमसारख्या विद्वानाला चुकीचा ठरविण्याचा माझा अधिकारही नाही. परंतु ती वधू पुढे आपल्या रंगाचे कारण देते तेही पाहावे: भावांनी तिला द्राक्षमळे राखायला लावले आणि उन्हाने ती रापली. ही बाई काम करणारी आहे. आपल्याकडे कापूस वेचायला जाणारी जी मुलगी दिवाळीनंतर चारदोन महिने उन्हात असते, तिची ही सख्खी बहीण. प्रवचनात ह्या ओळीवर बोलताना मी आजवर कोणाला ऐकलेले नाही.

प्रवचनात आपण ऐकतो ते वेगळेच. ‘बाह्य सौंदर्य नश्वर आहे, मुलींनो, अंतःकरण सुंदर ठेवा.’ हेतू उत्तम आहे. तथापि हे वाक्य सहसा कोणत्या मुलीला ऐकवले जाते, ह्याचा विचार करावा. गोऱ्यापान मुलीला कोणी अंतःकरणाचे सौंदर्य समजावून सांगत नाही. ते सांत्वन राखून ठेवलेले असते सावळ्या मुलीसाठी, आणि म्हणून तेही ‘पण’च असते, फक्त पवित्र आवाजातले. तिच्या चेहऱ्यात काही उणे आहे, हे आपण आधी मान्य करतो आणि मग आत्म्याकडे वळतो.

आपल्या संतचरित्रांच्या सांगण्यातही हे शिरले आहे. उत्तर अमेरिकेतील मोहॉक कुळात १६५६ साली जन्मलेल्या कातेरी टेकाक्विथा हिला चौथ्या वर्षी देवी आल्या. आईवडील व भाऊ त्यातच गेले. तिचा चेहरा व्रणांनी भरला, दृष्टी अधू झाली. विसाव्या वर्षी तिने बाप्तिस्मा घेतला, लग्नाचा आग्रह नाकारला, आणि चोविसाव्या वर्षी, १६८० साली, ती मरण पावली. २०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी तिला संतपद जाहीर केले. तिच्या मृत्यूनंतर काही मिनिटांतच चेहऱ्यावरचे व्रण नाहीसे झाले, असे तिच्याबरोबर असलेल्या धर्मगुरूंनी लिहून ठेवले आहे. त्या साक्षीशी मला वाद घालायचा नाही. मी एवढेच विचारतो, की मुलींना ही कथा सांगताना आपला आवाज नेमका त्या शेवटच्या क्षणी का चढतो? ती वीस वर्षे त्या व्रणांसह जगली, चालली, प्रार्थना करीत राहिली, आजाऱ्यांची सेवा करीत राहिली. पवित्र झाली ती त्याच चेहऱ्याची मुलगी. ऐकणारीला मात्र वाटते, की देवानेही अखेरीस तिला गोरीगोमटी करूनच घेतले.

ह्याउलट पोलंडमधील चेन्स्टोहोवा येथील पवित्र मारियेचे चित्र पाहावे. चेहरा काळा आहे आणि उजव्या गालावर तलवारीचे दोन वार आहेत. १४३० साली लुटारूंनी ते चित्र फोडले. दुरुस्ती झाली, पण गालावरचे वार ठेवले गेले. सारे राष्ट्र सहाशे वर्षे त्या चिरलेल्या गालापुढे गुडघे टेकत आले आहे.

आणि आपण? आपल्या नाताळच्या देखाव्यात मारियेची भूमिका कोणाला मिळते? पाठांतर कोणाचे चांगले, ह्याची चौकशी होत नाही. वर्गातील सर्वांत उजळ मुलगी निवडली जाते. सावळ्या मुली मेंढपाळ होतात, फारतर पूर्वेकडचा एखादा राजा. नाझरेथच्या उन्हातली यहुदी मुलगी कोणत्या रंगाची असेल, ह्याचा विचार निवड करणाऱ्यांना शिवत नाही. सात वर्षांची मुलगी त्या दिवशी जे शिकते, ते धर्मशिक्षणाच्या दहा वर्षांत पुसले जात नाही.

मी हे वलगावहून लिहितो आहे. परतवाड्याच्या रस्त्यावरचे हे गाव. सकाळी अमरावतीला कॉलेजात जाणाऱ्या मुली येथील थांब्यावर उभ्या असतात. डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ गुंडाळलेला, हातांत कोपरापर्यंत मोजे, डोळे तेवढे उघडे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो तेव्हा हे शहाणपणच आहे. परंतु डिसेंबरच्या कोवळ्या उन्हातही तो स्कार्फ सुटत नाही. रापण्याच्या भीतीने मुली मैदानावर जात नाहीत. खो-खो सुटतो, धावणे सुटते, सायकल सुटते. शरीर हे काही करण्यासाठी आहे, हा अनुभवच त्यांच्या हातून जातो, आणि मग ते दुसऱ्यांनी पाहून गुण देण्याची वस्तू तेवढे उरते. ज्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, जेथील खेळाडूंनी १९३६ साली बर्लिनला जाऊन भारतीय खेळ दाखविले, त्या अमरावतीच्या पंचक्रोशीत हे घडावे! त्या मंडळाच्या मैदानावर मल्लखांब करणाऱ्या मुलींना एकदा पाहून यावे. शरीर वर खेचताना हाताची पकड महत्त्वाची असते. हाताचा रंग कोणी विचारीत नाही.

ह्या गावाची दुसरी एक ओळख आहे. वलगावजवळ पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचे खरे नाव. ते आज किती जणांना ठाऊक आहे? अंगावर चिंध्यांचा अंगरखा आणि जवळ मातीचे गाडगे, ह्यावरून लोकांनी नाव ठेवले. जे हसण्याजोगे होते तेच नाव झाले, आणि आज अमरावती विद्यापीठ ते नाव मिरवते. चेहरा झाकून बसमध्ये चढणाऱ्या ह्या मुलींच्या पदवीपत्रावर चिंध्या पांघरणाऱ्या माणसाचे नाव असते. आदर्श नाहीत, ही तक्रार मला म्हणूनच पटत नाही.

ह्याच रस्त्याने पुढे परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर ह्यांचे बेवारस दिव्यांग मुलांचे बालगृह आहे. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जळगाव रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली एक जन्मांध मुलगी ह्या बालगृहात वाढली. बाबांनी तिला आपले आडनाव दिले. ब्रेल शिकून, पदवी घेऊन, माला पापळकर २०२४ साली महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. अशा बातम्या आपण ‘अंध असूनही’ ह्या शब्दांनी सुरू करतो. ‘असूनही’ हा ‘पण’चा थोरला भाऊ. तो गाळून ती बातमी आपल्या मुलींना वाचून दाखवावी: एका मुलीने अभ्यास केला आणि ती परीक्षा उत्तीर्ण झाली. आरशाशी जिचा कधी संबंधच आला नाही, तिला आपण कोण आहोत हे कोणी ना कोणी शब्दांनीच सांगितले असणार. आपल्या डोळस मुलींनाही आपण शब्दांनीच सांगतो. आरसा फक्त तेच परत म्हणतो.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आई म्हणते, “हे लिहायला ठीक आहे. माझी मुलगी पंचविशीची होईल, तेव्हा तीन स्थळे रंगावरून परत जातील. चौथे आले तर सोन्याचा आकडा वाढवून मागेल. मी तिला आजच साय-हळद लावली, तर काय चुकले?” ही आई क्रूर नाही. ती हिशेब करते आहे, आणि हिशेब बरोबर आहे. पण तो बाजार कोणाचा? अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला; वऱ्हाडात आपण थोडके आणि विखुरलेले. मुलगी देणारे आणि मुलगी नाकारणारे एकाच मिस्सेला, बहुधा एकाच बाकावर बसतात. गेल्या वर्षी रंगावरून जिच्या मुलीला नकार आला, तीच यंदा मुलासाठी ‘उजळ’ पाहते आहे. मोठ्या समाजाला ‘लोक असे म्हणतात’ अशी पळवाट असते. आपल्यात ते लोक म्हणजे आपण, नावागावासकट.

म्हणून मागणी छोटी आणि स्पष्ट आहे. आपल्या वधूवर परिचयपत्रांत उंचीनंतर ‘वर्ण’ असा एक रकाना येतो. शिक्षण, व्यवसाय, धर्मग्राम, बाप्तिस्म्याची नोंद हे विचारणे समजू शकते; पण मंदिराच्या आवारात वाटल्या जाणाऱ्या कागदावर ‘गोरा / गव्हाळ / सावळा’ लिहून घेण्याचे कारण कोणी मला सांगावे. मेळाव्याच्या चालकांनी पुढच्या छपाईत तो रकाना काढून टाकावा. कुणा पालकांची हरकत असेल, तर ती तोंडी ऐकू नये. लेखी, सहीनिशी घ्यावी आणि मिस्सेनंतरच्या सूचनांत, इतर सूचना वाचतात त्याच आवाजात, वाचून दाखवावी.