आजी फडात गेली होती



गेल्या महिन्यात माझी पुतणी निबंधाची वही घेऊन आली. घर मूळचे वाळव्याकडचे, पोरगी शिकते पुण्यात. तिने लिहिले होते, "आम्ही गावी पोचलो तेव्हा आजी फडात गेली होती." वर्गात हशा पिकला. त्या पोरांना फड म्हणजे तमाशाचा, एवढेच ठाऊक. बाईंनी शब्दाखाली तांबडी रेघ ओढून वर 'शेतात' असे लिहिले. "काका, माझं चुकलं का?" पोरीचा प्रश्न.

नाही चुकले. आजी म्हशीला वाढं आणायला उसाच्या फडात गेली होती. आमच्या कृष्णाकाठी ज्वारीचे ते रान, भुईमुगाचे ते वावर, पण फड म्हटला की ऊसच डोळ्यांपुढे येतो.

आणि त्याच गावात जत्रेच्या दिवशी हलगी कडाडली की 'कुस्त्यांचा फड'. आधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग रुपयांच्या, शेवटी मोठी जोड. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या मैदानाला तर लांबलांबचे शौकीन लोटतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच कुस्तीवेड्या मुलखातले. त्यांनी 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. मात्र फडात हलगी घुमवणारे हात बहुतेक महार-मांगांचे असत, हेही पोरांना सांगायला हवे. 1956 नंतर आपल्या अनेक घरांनी ती वाजवणे सोडले.

तमाशाचा फड तर आहेच. कवलापूरच्या काळू-बाळूंचा, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांचा फड ज्यांनी पाहिला, त्यांना हसू कशाचे येईल? आले तर त्यांच्या विनोदाचे. पंढरीच्या वारकऱ्यांचेही फड असतात. तिथे कोणी हसत नाही.

मग या सगळ्यांत सारखे काय? जुन्या मराठी कोशात फड म्हणजे चार माणसे कामाधंद्यासाठी जमतात ती जागा. कचेरी, पेढी, बाजारसुद्धा. हिंदीत जुगाराचा अड्डा आणि दुकानदाराची बैठक, दोन्ही फडच. मध्य प्रदेश-छत्तीसगडात तेंदूपत्ता गोळा होतो ती जागाही फड. हिंदी कोशकार याचे मूळ संस्कृत 'पण' म्हणजे पैज या शब्दात दाखवतात. मला ते पटते. कुस्तीत पैज आहे, तमाशाच्या सवाल-जवाबातही आहे.

उसाच्या फडात पैज कसली, असे पुतणीने विचारलेच. तिला म्हटले, बीडकडून येणाऱ्या टोळ्या बघ. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. माणसे दोन, मोजणीत कोयता एक. मुकादमाची उचल हंगामाआधीच घेतलेली असते, ती फेडायची तर पहाटेपासून मोळ्या बांधायच्या. बरोबरच्या पोरांची शाळा तेवढे महिने सुटते. शेतकरी 'माझा फड' म्हणतो आणि टोळीवाला 'आजचा फड'. उद्या तो दुसऱ्याच्या बांधावर असतो.

पुतणीने हे सगळे वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले. तांबडी रेघ खोडली नाही. तिच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिले, 'उसाचा', आणि वही पुन्हा बाईंकडे दिली.