विश्लेषण : विद्यापीठातील संशोधन व्याख्यान खुटबावच्या विद्यार्थ्यापासून किती दूर?

पदवी तीन वर्षांवर संपवायची की चौथे वर्ष घेऊन 'संशोधनासह ऑनर्स' करायचे, हा प्रश्न आता ग्रामीण भागातील बीएस्सी (कॉम्प्युटर सायन्स)च्या विद्यार्थ्यासमोरही येणार आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसारचा चार वर्षांचा आराखडा महाराष्ट्रात २०२३-२४पासून विद्यापीठांचे विभाग व स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाला. संलग्न महाविद्यालयांतील पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष २०२७-२८मध्ये येते. संशोधनाची वाट निवडायची, तर संशोधन करणारा माणूस काय करतो हे आधी कुठेतरी पाहिलेले हवे. विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात होणारे पाहुण्या संशोधकाचे व्याख्यान ही त्यासाठीची सर्वांत स्वस्त जागा आहे. दौंड तालुक्यातील खुटबावसारख्या गावातून शिकणाऱ्या मुला-मुलींना तिथपर्यंत जाता येते का?

संशोधन व्याख्यान म्हणजे काय?

विभागातील एखादे प्राध्यापक बाहेरच्या संशोधकाला बोलावतात. हा संशोधक दुसऱ्या विद्यापीठातील, टीआयएफआर किंवा आयआयटीसारख्या संस्थेतील, नाहीतर कंपनीच्या प्रयोगशाळेतील असतो. काही दिवस आधी सूचना निघते. तिच्यात शीर्षक, दहा-बारा ओळींचा सारांश, वक्त्याची दोन ओळींत ओळख, वेळ आणि खोली एवढेच असते. व्याख्यान पन्नास मिनिटे ते तासभर चालते. मग प्रश्न आणि चहा. तिकीट नसते आणि बहुतेक ठिकाणी नोंदणीही लागत नाही.

वर्गातील तासापेक्षा हे वेगळे असते. वर्गात शिकवले जाते ते सिद्ध झालेले आणि पुस्तकात आलेले. व्याख्यानात येते ते गेल्या वर्षभरातील काम, अनेकदा अर्धवट. 'इथपर्यंत पोहोचलो, पुढे अडलो' असे वक्ता उघडपणे सांगतो. पाठ्यपुस्तक हे कधी सांगत नाही. त्यामुळे पदवीच्या विद्यार्थ्याला वाटत राहते की संगणकशास्त्रातले सगळे प्रश्न केव्हाच सुटले आहेत आणि उरले आहे ते फक्त कोडिंग.

चांगल्या वक्त्याच्या व्याख्यानाची रचना ठरलेली असते. पहिली पंधरा-वीस मिनिटे सर्वांसाठी : प्रश्न काय आहे, तो कोणाला पडला, आधी काय करून पाहिले गेले. मधला भाग त्या विषयातील लोकांसाठी आणि शेवटचा मोजक्या तज्ज्ञांसाठी. विसाव्या मिनिटानंतर काही समजेनासे झाले, तर समोर बसलेल्या निम्म्या प्राध्यापकांचीही तीच स्थिती असू शकते. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. तो स्वतःला 'ढ' समजून परत येतो आणि दुसऱ्यांदा जात नाही.

एका तासात काय घडू शकते?

दोन तालुक्यांचे रस्त्यांचे नकाशे समोर ठेवा आणि गावांची नावे पुसून टाका. आता सांगा, जोडणीच्या दृष्टीने हे दोन नकाशे एकच आहेत की वेगळे? दहा गावे असतील तर हाताने जुळवता येईल. गावे हजारोंनी वाढली आणि जोडणी मुद्दाम फसवी असली, तर किती वेळ लागेल? संगणकशास्त्रात याला 'ग्राफ आयसोमॉर्फिझम'चा प्रश्न म्हणतात. सैद्धांतिक प्रगती तीन दशकांहून अधिक काळ जवळपास थांबली होती.

१० नोव्हेंबर २०१५ रोजी शिकागो विद्यापीठात लास्लो बाबाई यांनी यावर व्याख्यान दिले. जगभरातील बातमी ठरलेला हा कार्यक्रम म्हणजे विद्यापीठातील नेहमीच्या व्याख्यानमालेतील एक व्याख्यान होते. या प्रश्नासाठी आधीच्या सर्व पद्धतींपेक्षा कितीतरी वेगवान पद्धत सापडल्याचा त्यांचा दावा होता. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. पॅरिसमधील बूरबाकी व्याख्यानमालेत हेच काम इतरांना समजावून सांगण्याची जबाबदारी गणितज्ञ हाराल्ड हेल्फगॉट यांच्यावर होती. त्याच्या तयारीत त्यांना सिद्धतेत एक चूक सापडली. जानेवारी २०१७मध्ये बाबाई यांनी ती जाहीरपणे मान्य केली, दावा मागे घेतला आणि काही दिवसांतच दुरुस्ती करून तो पुन्हा उभा केला. म्हणजे एक शोध व्याख्यानातून जगासमोर आला आणि त्यातली चूक दुसऱ्या व्याख्यानाच्या तयारीत पकडली गेली.

भारतातील उदाहरण पदवीच्या विद्यार्थ्यांना अधिक जवळचे वाटेल. ऑगस्ट २००२मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वेगाने ओळखण्याची पद्धत जाहीर केली. कयाल आणि सक्सेना यांचे बीटेक त्याच वर्षी झाले होते आणि या कामाची सुरुवात त्यांच्या बीटेकच्या प्रकल्पात होती. मसुदा तज्ज्ञांमध्ये फिरला, त्यावर चर्चा झाल्या, हेंड्रिक लेन्स्ट्रा यांनी सुचवलेली सुधारणा त्यात आली आणि २००४मध्ये 'अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये लेख छापला गेला. पदवीचा प्रकल्प म्हणजे 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' असे समीकरण झालेल्या महाविद्यालयांत ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

महाविद्यालयातील 'गेस्ट लेक्चर' तेच नाही का?

नाव तेच, वस्तू वेगळी. संलग्न महाविद्यालयांतील बहुतेक 'गेस्ट लेक्चर' म्हणजे एखाद्या कंपनीतील अधिकाऱ्याचे करिअर मार्गदर्शन किंवा 'एआयची ओळख' असते. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, पाहुण्यांचा परिचय यांत वीस मिनिटे जातात. शेवटी गटफोटो, हजेरीपत्रक आणि फीडबॅक फॉर्म. यातून विद्यार्थ्याला उपयोगी काहीच मिळत नाही असे नाही. नोकरीच्या बाजाराची कल्पना येते. पण न सुटलेला प्रश्न तिथे कोणी मांडत नाही.

असे होण्यामागे मोजमापाची पद्धत आहे. 'नॅक'च्या अलीकडपर्यंतच्या नमुन्यात संलग्न महाविद्यालयांना पाच वर्षांत किती कार्यशाळा आणि परिसंवाद घेतले याची संख्या द्यावी लागत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत निमंत्रित व्याख्यानासाठी वक्त्या प्राध्यापकाला गुण आहेत : परदेशातील आंतरराष्ट्रीय कार्यक्रमासाठी ७, देशातील आंतरराष्ट्रीय कार्यक्रमासाठी ५, राष्ट्रीय पातळीवर ३ आणि राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २. म्हणजे तेच व्याख्यान दौंडला दिले तर सर्वांत कमी गुण. ऐकणाऱ्याने काय विचारले, त्यातून कोणी पुढे काही केले का, याला रकानाच नाही. ज्याची नोंद होते तेच वाढते, हे शिक्षणखात्याइतके कोणाला ठाऊक असणार!

पाहुणे बोलावणे महाग असते हे कारणही नेहमी पटणारे नाही. परदेशी प्राध्यापकांसाठी केंद्राने २०१५मध्ये 'ग्यान' ही योजना सुरू केली. तिच्यात १२ ते १४ तासांच्या अभ्यासक्रमासाठी ८ हजार आणि २० ते २८ तासांसाठी १२ हजार डॉलरपर्यंत मानधनाची तरतूद होती. ते वेगळे प्रकरण. पुण्यातील संशोधकाला तासाभरासाठी केडगाव किंवा दौंडला आणायचे, तर खर्च गाडीच्या इंधनाचा आणि जेवणाचा. 'एसीएम इंडिया'सारखी संगणकतज्ज्ञांची संघटना नामवंत वक्त्यांची यादीच ठेवते आणि महाविद्यालयांना त्यातून निवड करता येते.

खुटबावहून अडचण कुठे येते?

खुटबाव हे पुणे-दौंड लोहमार्गावरील यवत आणि केडगाव यांच्या मधले लहान स्थानक. परिसर उसाचा आणि गुऱ्हाळांचा. इथला विद्यार्थी केडगाव, दौंड किंवा हडपसरच्या महाविद्यालयात शिकतो. या भागातील बहुतेक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असे तीन जिल्हे या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. गुणपत्रिकेवर विद्यापीठाचे नाव असते, पण गणेशखिंडीतील विद्यापीठाचा आवार अनेकांनी कागदपत्रांच्या कामापुरताच पाहिलेला असतो.

खरे तर संगणक संशोधनाच्या बाबतीत पुणे श्रीमंत आहे. टाटा कन्सल्टन्सीने १९८१मध्ये टीआरडीडीसी ही संशोधन संस्था पुण्यात उभारली आणि ती बराच काळ हडपसर औद्योगिक वसाहतीत होती, म्हणजे दौंडच्या गाडीच्याच वाटेवर. १९८८मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. तिने १९९१मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला तो विद्यापीठाच्या आवारातच. आयुका १९८८ची, आयसर २००६ची. अशा शहरात बाहेरच्या संशोधकांची ये-जा कमी नसते.

अडचण पहिल्यांदा येते ती माहितीची. व्याख्यानाची सूचना साधारणपणे विभागाच्या फलकावर आणि अंतर्गत ई-मेल यादीत जाते. आवारात नसलेल्याला ती दिसणार कशी? संकेतस्थळावर टाकली तरी बऱ्याचदा आदल्या दिवशी, आणि काही वेळा कार्यक्रम झाल्यानंतर फोटोसह. मुद्दाम कोणी लपवत नाही. आपल्या विभागाबाहेरच्या कोणाला यात रस असेल, हेच लक्षात आलेले नसते.

दुसरी अडचण वेळेची. अशी व्याख्याने दुपारी उशिरा, तास संपल्यावर ठेवण्याची पद्धत आहे. खुटबावला थांबतात त्या प्रामुख्याने पॅसेंजर आणि डेमू गाड्या. पुणे स्थानकावर उतरून शहराच्या दुसऱ्या बाजूच्या गणेशखिंडीपर्यंत पुन्हा पीएमपीची बस किंवा रिक्षा. चारचे व्याख्यान प्रश्नांसह साडेपाचला संपले, तर त्यानंतर चहाला थांबायचे की संध्याकाळची गाडी पकडायची? आणि खरी ओळख होते ती चहाच्या वेळीच. 'तुम्ही म्हणालात तो दुसरा मुद्दा कळला नाही' एवढे म्हणण्याचे धाडस तिथे होते, वक्ता कागदावर आकृती काढतो, ई-मेल पत्ता देतो. उन्हाळ्यातील इंटर्नशिपचा विषय असाच निघतो. मुलींच्या बाबतीत परतीच्या गाडीची वेळ हा घरच्यांच्या परवानगीचाही प्रश्न असतो.

मोबाइलवर पाहून भागते का?

बऱ्याच अंशी हो. बेंगळुरूची आयसीटीएस आणि बर्कलेची सायमन्स इन्स्टिट्यूट या संस्था आपली व्याख्याने यूट्यूबवर ठेवतात. 'टीसीएस प्लस' नावाची सैद्धांतिक संगणकशास्त्राची ऑनलाइन मालिका कोरोनाच्या आधीपासून चालते. (नावावरून टाटांची कंपनी आठवेल, तिचा काही संबंध नाही, ही त्या विषयाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे.) ही मालिका अमेरिकी वेळेनुसार असल्याने भारतात ती साधारण रात्री साडेदहा किंवा साडेअकराला लागते. तिची मूळ कल्पना लक्षात घेण्याजोगी आहे. वेगवेगळ्या विद्यापीठांतील गट आपापल्या खोलीत एका पडद्यासमोर एकत्र बसतात आणि तिथूनच वक्त्याला प्रश्न विचारतात. दौंड तालुक्यातील महाविद्यालयालाही हे जमू शकते. एक प्रोजेक्टर, बरे इंटरनेट आणि आधी सारांश वाचून आलेला एक शिक्षक एवढे पुरते. थेट वेळ गैरसोयीची असेल तर रेकॉर्डिंग दुपारी लावावे. ते मधेच थांबवता येते, हा वरचा फायदा.

एकट्याने मोबाइलवर पाहण्यात मात्र गळती मोठी. दहाव्या मिनिटाला न कळलेला शब्द येतो, विचारायला कोणी नसते आणि खाली दुसरा व्हिडिओ तयार असतो.

भाषेचे काय?

व्याख्याने इंग्रजीत होतात आणि बाहेरचा वक्ता आला की त्याला पर्याय नसतो. पण प्रश्न मराठीत विचारायला काय हरकत आहे? यजमान प्राध्यापक तो दोन वाक्यांत इंग्रजीत सांगू शकतात. पुण्यातच याचे चांगले उदाहरण आहे. आयुकामध्ये महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होतात. इंग्रजीबरोबर मराठी किंवा हिंदीतही. आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. खगोलशास्त्राने शाळकरी मुलांसाठी जे केले, ते संगणकशास्त्राला पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी करणे अवघड नसावे. इथे तर श्रोत्यांना विषयाची निम्मी परिभाषा आधीच येते.

चौथ्या वर्षाशी याचा संबंध काय?

आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय घेता येतो. त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. २०२२च्या पीएचडी नियमावलीनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील, तर पदव्युत्तर पदवीविनाही थेट पीएचडीच्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येते. राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सवलत आहे. पूर्वी संशोधनाची ओळख एमएस्सीच्या दोन वर्षांत होत असे. आता तो निर्णय विसाव्या-एकविसाव्या वर्षी, तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस घ्यायचा आहे.

शहरातील स्वायत्त महाविद्यालयातील विद्यार्थ्याने तोपर्यंत आठ-दहा संशोधक बोलताना ऐकलेले असतील. केडगावच्या विद्यार्थ्याकडे तेवढेच ७५ टक्के असतील, पण प्रकल्पासाठी प्रश्न कुठून आणायचा हे त्याने कधी पाहिलेले नसेल. गुणांची अट दोघांना सारखीच आहे. या फरकावर उपाय म्हणून नवी योजना किंवा निधी लागेलच असे नाही. विभागांनी सूचना आठवडाभर आधी सार्वजनिक ठेवणे, ती संलग्न महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांना व्हॉट्सअॅपवर पाठवणे, महिन्यातील एखादे व्याख्यान सकाळी अकराला घेणे आणि वक्त्याच्या परवानगीने रेकॉर्डिंग ठेवणे, ही कामे विद्यमान कर्मचाऱ्यांकडून होऊ शकतात. महाविद्यालयांच्या बाजूने एवढेच, की अशा व्याख्यानाला गेलेल्या विद्यार्थ्याची त्या दिवशीची गैरहजेरी लागू नये. संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात प्रात्यक्षिकांची हजेरी काटेकोर असते, आणि एका दुपारसाठी ती पणाला लावायला फार थोडे विद्यार्थी तयार होतात.